पाहुणीचं कुंकू

आई गेल्यावर भेटायला येणारे एक प्रश्न हटकून विचारतात: शेवटपर्यंत ओळखत होत्या का तुला? मी मान हलवते. ज्याने त्याने हवा तो अर्थ लावावा.

विस्मरणाचा आजार वाढला तशी आई रोज संध्याकाळी पाहुणी होऊ लागली. मुलुंडच्या आमच्याच घरात, सोफ्याच्या कडेला, पर्स मांडीवर घेऊन बसायची आणि मला अहोजाहो करायची. "निघते हं. घरी मुलगी वाट बघत असेल." अडवलं की दाराची कडी ओढत रडायची. ती मुलगी मीच, असं सांगून पाहिलं, तर घाबरली.

एकदा काहीच सुचेना म्हणून मी म्हटलं, "थांबा, कुंकू लावते." ती शांत झाली आणि कपाळ पुढे केलं. सवाष्णीला कुंकू लावल्याशिवाय पाठवत नाहीत, हे तिला पक्कं आठवत होतं. बाबा नाहीत, हे आठवत नव्हतं. मावशीने तिचं कपाळ पाहिलं तेव्हा म्हणाली, "भावोजींना जाऊन इतकी वर्षं झाली, आणि हे काय?" मी मुद्रितं तपासत बसले होते. पुढच्या चुकीवर लाल खूण केली.

मग तेच ठरून गेलं. कुंकू, चपला, लिफ्ट, इमारतीभोवती एक फेरी. परत घरात शिरताना ती पर्स खुंटीला अडकवायची आणि म्हणायची, "आले गं." त्या 'गं'साठी मी दिवसभर थांबलेली असे. थोड्या वेळाने ती पुन्हा परकी व्हायची, पण तेवढ्यावर रात्र निघायची.

एका संध्याकाळी फेरी मारून आलो, तर तिने पर्स हातातच ठेवली. सोफ्याच्या कडेला बसून भिंतीवरून नजर फिरवली.

"छान आहे हो घर तुमचं."

मी तिला पुन्हा खाली नेलं, पुन्हा फिरवून आणलं. ती दमली होती. "उगाच त्रास तुम्हाला," म्हणाली.

मी चहा टाकला. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. तेवढ्यात मावशीचा फोन आला. आई कशी आहे, तिने विचारलं. बरी आहे, म्हटलं. मग कधी नव्हे ते म्हणाली, "आणि तू गं? तू कशी आहेस?"

फोन ओट्यावर ठेवून मी चहा गाळला, साखर ढवळली. पलीकडून ती हॅलो हॅलो करत राहिली.