कुणालाही परत न पाठवणारे मास्तर

आमच्या मास्तरांनी उभ्या आयुष्यात शाळेच्या दारातून कुणालाही परत पाठवलं नाही, शेळीलासुद्धा नाही. मलकापूरकडच्या आमच्या खेड्यात सरकारी शाळा म्हणजे मारुतीच्या देवळाची पडवी. तिथं एकदा शेळी शिरली आणि पोरं हाकलायला धावली, तर म्हणाले, "बसू द्या बे तिले. तुमच्याहून तर गुमान ऐकते." फळा ते टोपीनंच पुसायचे आणि तीच डोक्यावर ठेवायचे, त्यामुळं तरणाताठा माणूस दुपारपर्यंत पार म्हातारा दिसायचा.

कापूस फुटला की शाळा ओस पडे. गावात मजुरीचा एक रिवाज होता. घरातलं एक माणूस कामावर जाऊ शकलं नाही, तर त्याच्या बदली दुसरं धाडायचं. माझ्या बापाला वाटलं, सरकारी शाळेचंही तसंच असणार. त्यानं दादाला वेचणीला लावलं आणि मला हाताला धरून शाळेत आणून उभं केलं. "पोरगा वेचनीले गेला, मास्तर. त्याच्या बदली हे पोरगी." मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "चालते की. बस वं माय." आठवडाभरात बाकीच्या घरांतूनही बदलीवर पोरी आल्या, एका घरून तर आजोबा आले. मास्तरांनी त्यांनाही मुळाक्षरं गिरवायला बसवलं.

वेचणी संपली. दादा मोकळा झाला, आई मलकापूरच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जाऊ लागली आणि धाकट्या भावाला सांभाळायला मी घरी हवी होते. मला तर नुकतं कुठं वाचता येऊ लागलं होतं. बाप न्यायला आला तेव्हा मी पडवीच्या खांबाला मिठी मारून रडले.

"पोरगा आला न आता. हिले घरी धाडा, मास्तर. लेकरू कोन सांभाळन?"

"हाव, खरं आहे," मास्तर म्हणाले. "हिच्या बदली मी सांभाळतो."

बापाला थट्टा वाटली. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच मास्तर दारात उभे. धाकट्याला कडेवर घेऊन ते भर गावातून शाळेत गेले. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. बापाची मान वर होईना. पण बदलीचा रिवाज शाळेत त्यानंच आणला होता. लेकराला मांडीवर घेऊन मास्तर आम्हाला पाढे म्हणायला लावायचे. त्यानं धोतर भिजवलं तर म्हणायचे, "वाळते बे, ऊन काय कुठं पळून चाललं?" धाकटा "आई" म्हणायच्या आधी "हजर" म्हणायला शिकला.

मी चौथी पास झाले ती अशी. मास्तर गेल्याचं कळलं तेव्हा आमचा मिशीवाला धाकटा माझ्याआधी रडला. शिकले मी, पण मास्तरांची मांडी त्याला मिळाली. त्याचा मला अजून हेवा वाटतो.