झोळीचा दोर

जव्हार संस्थानच्या जंगल नाक्यावर मी कारकून होतो, तेव्हाचा हा माणूस. पाड्यात कुणाची बाई अडली की सुईण आत जाई आणि हा बाहेर नवऱ्याशेजारी येऊन बसे. धीराचं एक अक्षर बोलत नसे. अंबाडीचा वाख नवऱ्यापुढे टाकी आणि म्हणे, "वळ. पोराचे झोळीला दोर लागंल." दुसरं टोक स्वतः धरून बसे. मामलेदारालाही तो 'तू' म्हणे. त्याच्या कमरेच्या करगोट्याला काळा पडलेला, वीतभर दोराचा तुकडा बांधलेला असे. बोटं सारखी त्याच्याशी चाळा करीत. मला त्याची जरा भीतीच वाटे, कारण तो दिसला म्हणजे कुणाचं तरी अडलेलं.

माझ्या बायकोला दोन दिवस कळा येत होत्या, तेव्हा तो न बोलावता आला. आम्ही चांगला लांब दोर वळला. मूल मेलेलं जन्मलं. मी तो दोर चुलीत घालायला निघालो, तर त्यानं माझं मनगट धरलं.

"जाळू नको. उकल."

दुपारभर आम्ही समोरासमोर बसून पीळ सोडवत होतो. शेवटचा वीतभर राहिला तेव्हा म्हणाला, "हा तिला दे. तिचा हात लागू दे."

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिनं तुकडा घेतला, उकलला मात्र नाही. मुठीत घट्ट धरून ठेवला.

मी बाहेर येऊन त्याला सांगितलं. त्याचा हात कमरेकडे गेला.

"राहू दे तिच्याजवळ," तो म्हणाला. "माझे बायकोनंबी नाय उकलला."