आमच्या बिल्डिंगचा बंदोबस्त

कांजूरमार्ग पूर्वेला आमच्या गल्लीत आजवर ज्या चोऱ्या झाल्या नाहीत, त्या समोरच्या काकांमुळे झाल्या नाहीत, असं खुद्द काकांचं म्हणणं आहे, आणि ते खोडून काढायला आमच्यापैकी कोणाकडेही पुरावा नाही. काका पोलीस खात्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पण काकांचा त्या दिवसापासून असा समज आहे, की आपण निवृत्त झालेलो नाही, आपली फक्त बदली झाली आहे, आणि ती आमच्या बिल्डिंगमध्ये. काकू म्हणतात, "नोकरीत असताना निदान आठवड्याची सुट्टी तरी घ्यायचे."

सकाळी लोक फिरायला जातात, काका गस्तीला जातात. पार्किंगमधल्या प्रत्येक स्कूटरचं हँडल हलवून बघायचं, प्रत्येक गाडीचं दार ओढून बघायचं, आणि एखादं उघडं निघालं तर काचेवर चिठ्ठी लावायची: "दार उघडं होतं. मी चोर असतो तर?" नवीन राहायला आलेल्या एका गृहस्थांनी खिडकीतून हे पाहिलं आणि एक माणूस गाड्यांची दारं ओढतोय म्हणून थेट पोलिसांना फोन केला. चौकीतून शिपाई आला, त्याने काकांना सॅल्यूट ठोकला. काका मात्र त्या गृहस्थांवर बेहद्द खूश झाले. "याला म्हणतात जागरूक नागरिक!" असं म्हणून त्यांनी स्वतःविरुद्ध तक्रार करणाऱ्याला घरी नेऊन पोहे खायला घातले.

चपलांच्या रॅकमध्ये किल्ली ठेवणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. लग्न होऊन मी या बिल्डिंगमध्ये आले, तेव्हा आमच्या घरची किल्ली सासऱ्यांच्या जुन्या बुटात असायची. एकदा ऑफिसातून आले तर बुटात किल्ली नाही. मी रॅक उपसत होते, तोवर समोरचं दार उघडलं. "पोरी, तुमच्या घरी चोरी झालेली आहे," काकांनी जाहीर केलं. "माल मुद्देमाल म्हणून माझ्याकडं जमा आहे." किल्ली मिळाली, पण त्याआधी चहा आणि घरफोडीच्या प्रकारांवर एक व्याख्यान झालं. त्यात कुलूप तोडणारा चोर सगळ्यात शेवटी आला. "त्याला मेहनत करावी लागते," काका म्हणाले, "बाकीच्यांना तुम्हीच बोलावता."

माझ्या नणंदेच्या रिसेप्शनला काका आले आणि आहेराची पाकिटं ठेवलेल्या टेबलाशेजारी उभे राहिले. जेवले नाहीत, स्टेजवर गेले नाहीत, फोटोत आले नाहीत. शेवटी मुलाकडच्या मंडळींपैकी कोणीतरी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणालं, "तो सफारीवाला माणूस मगासपासून पाकिटांवर नजर ठेवून आहे, जरा बघा." नवऱ्याने खुलासा केला. मग त्या मंडळींनी काकांना खुर्ची आणून दिली.

वॉचमनला तर त्यांनी असा तयार केला, की गोवंडीहून काकांना भेटायला आलेले त्यांचेच जावई भर उन्हात आइसक्रीमचा डबा हातात धरून गेटवर उभे होते, आणि वॉचमन आत फोन करून विचारत होता, "साहब, दामाद बोल रहा है. दामाद का कोई प्रूफ नहीं है." काका गॅलरीतून खाली बघून टाळ्या वाजवत होते. जावई वर आले तेव्हा आइसक्रीम वाटीतून प्यावं लागलं. काकांची लेक बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हती.

बिल्डिंगच्या ग्रुपवर रोज त्यांची एक सूचना असते. कोणी महाबळेश्वरचा फोटो टाकला, की बाकीचे लाल बदाम पाठवतात आणि काका लिहितात: "घर बंद आहे हे जगाला कळवल्याबद्दल धन्यवाद." आम्ही हसतो, पण फोटो परत आल्यावरच टाकायला शिकलो आहोत.

त्यांची एकच विद्यार्थिनी खरी मन लावून ऐकणारी होती, ती म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई. बाई शाळेत गणित शिकवायच्या. आता एकट्याच राहतात, मुलगी चेंबूरला. काकांनी सांगितलं म्हणून त्यांनी जाळीचं दार बसवलं, आतल्या दाराला साखळी लावली, भोक पाडून काचेचा डोळा बसवला. त्या काकांना भाऊ म्हणतात आणि दर वर्षी ओवाळतात.

गेल्या वर्षीची गोष्ट. मी घरून काम करत होते. दुपारी बेल वाजली. दारात काका. "पोरी, जरा चल माझ्यासंगट. बाईंची दुधाची पिशवी अजून दाराला लटकतीय. पेपरही पडलाय. बेल मारली तर आतून म्हणतात, बरं नाही, झोपू द्या."

"मग झोपल्या असतील, काका."

"झोपलेला माणूस दाराला कान लावून उभा राहतो का? सावली दिसली मला."

आम्ही खाली गेलो. काकांनी पुन्हा बेल दाबली. बराच वेळ काही नाही. मग आतलं दार साखळीपुरतं उघडलं आणि जाळीआडून बाईंचा चेहरा दिसला. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. बाईंना मी कधी बिनविंचरलेलं पाहिलं नव्हतं.

"भाऊ, तुम्ही जा," त्या अगदी हळू म्हणाल्या.

"काय झालंय?"

"काही नाही. तुम्ही इथे थांबू नका. तुमची पेन्शन बंद होईल हो."

काकांनी बेलवरचा हात काढला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला ते खरे पोलीस वाटले. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "फोन चालूय ना आत? व्हिडिओवर?"

बाईंनी मान डोलावली आणि त्या रडायला लागल्या. तुटक तुटक कळलं ते असं: आदल्या संध्याकाळी फोन आला. त्यांच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, गुन्हा दाखल झालाय. मग व्हिडिओवर एक साहेब आला. तुम्ही अटकेत आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कोणाला सांगितलंत तर तोही आरोपी. सुटायचं तर ठेवी मोडून पैसे तपासणीसाठी सरकारी खात्यात भरायचे. त्यासाठी थोड्या वेळाने त्या बँकेत निघणार होत्या. रात्रभर त्या खुर्चीत बसून होत्या. मुलीला सांगितलं नाही, कारण मुलगी अडकेल. भावाला सांगितलं नाही, कारण भावाची पेन्शन जाईल.

"दार उघडा, बाई."

"नाही. तुम्हाला गोवतील."

आतून पुरुषाचा आवाज आला, "कौन है वहां? किससे बात कर रही हो?"

मला वाटलं काका दार हाणतील. त्यांनी तसं काही केलं नाही. ते समोरच्या पायरीवर मांडी घालून बसले. "त्याला सांगा," ते खणखणीत म्हणाले, "इथं एक आरोपी बसलाय. सगळं कबूल करतोय. ह्याला न्यायला गाडी पाठवा म्हणावं. बेड्या घेऊन या म्हणावं. मी बसलोय."

"भाऊ, असं काय..."

"सांगा तर. पोलीस आरोपी सोडत नाही, बाई. आयता बसलेला तर कधीच नाही. मी सगळी नोकरी आरोपींच्या मागं पळण्यात घालवली."

बाई आत गेल्या. आम्हाला त्यांचा आवाज ऐकू आला, आधी कापरा. साहेब, माझा साथीदार बाहेर बसलाय, त्याला अटक करा. तो ओरडला, उसको भगाओ. बाई म्हणाल्या, पण तो कबूल करतोय, गाडी पाठवा. तो आणखी ओरडला. मग बाईंचा आवाज हळूहळू वर्गातला झाला. "गुन्हा कबूल करणारा माणूस तुम्हाला नको, फक्त माझे पैसे हवेत? हा कुठला कायदा? सांगा. कलम सांगा. उभे राहून सांगा!"

फोन तिकडूनच बंद झाला.

साखळी निघाली, जाळी उघडली. बाई काकांचा हात धरून ढसाढसा रडल्या. मी चहा टाकला, मुलीला फोन केला. ती चेंबूरहून निघाली. काकांनी बाईंना घेऊन चौकीवर तक्रार नोंदवली, बँकेला कळवलं, सगळं रीतसर केलं. पैसे गेले नव्हते.

संध्याकाळी बाई जरा सावरल्यावर काकांनी त्यांना एकच प्रश्न विचारला. "वर्दी कशी होती त्याची?"

"तुमच्यासारखीच," बाई म्हणाल्या. "कडक इस्त्रीची. म्हणून तर विश्वास बसला, भाऊ."

त्या दिवशी ग्रुपवर सूचना आली नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. काकू म्हणाल्या, वर्दीच्या कपाटासमोर उभे असतात नुसते.

त्यानंतरच्या रविवारी सोसायटीच्या आवारात खुर्च्या मांडून त्यांनी सगळ्यांना बोलावलं. फोनवर कोणाला अटक होत नाही, पोलीस पैसे मागत नाहीत, घाबरवून घाई करणारा माणूस चोर असतो, हे सगळं त्यांनी नीट समजावलं. मग म्हणाले, "आणि वर्दी दिसली म्हणून..." तिथे अडकले. चष्मा पुसला. "वर्दी दिसली म्हणून विश्वास ठेवायचा नाही," एवढं वाक्य त्यांनी खाली बघत पूर्ण केलं. कोणी हसलं नाही.

मागच्या महिन्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची विचारपूस करायला चौकीतून एक तरुण पोलीस मुलगी आली. बाईंनी तिला जाळीबाहेर उभं केलं, ओळखपत्र मागितलं, चौकीत फोन लावला, तिथे तो उचलेपर्यंत ती बिचारी जिन्यात घाम पुसत होती. काका वरून उतरले.

"बरोबर करतायत त्या," ते तिला म्हणाले. "राग मानू नको."

"नाही सर. आता सगळीकडे असंच."

"हां. आमच्या वेळी वर्दी दिसली की लोक आधी बसायला सांगायचे. चौकशी मागनं."

ती हसली. काका थोडा वेळ तिच्या खांद्यावरच्या फितीकडे बघत राहिले, मग वर गेले आणि स्टीलच्या पेल्यातून तिच्यासाठी गार पाणी घेऊन आले.