सात पिढ्यांचं चालणं

आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. सभा असो, शिबिर असो, आण्णा, म्हणजे माझे वडील, शर्टाच्या खिशात घडी घातलेलं पत्रक घेऊनच यायचे. गुलाबी, पिवळ्या, पोपटी कागदांवर मी अक्षरं लावायला शिकले. अजूनही एखादं वाक्य सुचलं की ते मला गुलाबी कागदावर दिसतं.

आण्णा कोल्हापुरात सरकारी कचेरीत कारकून. शिवाजी पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या. दूध तीन घरं सोडून मिळायचं, तरी ते स्कूटर काढायचे. आई म्हणायची, आता अंथरुणापर्यंतही स्कूटरवरच जा. आण्णा हसायचे आणि किक मारायचे.

याचं मूळ आज्याच्या पायांत होतं. हातकणंगल्याकडच्या आमच्या गावात आजा गावकीचा निरोप्या. कुणी मेलं की गावोगाव सांगत पळायचं, साहेबाच्या घोड्यापुढं पळायचं, बदल्यात शिळी भाकरी. धर्मांतरानंतर त्यानं ते काम टाकलं आणि पुढची कितीतरी वर्षं तो दारातल्या दगडावर निवांत बसून राहिला. आण्णांना त्या बसण्यासारखं सुंदर दुसरं काही वाटायचं नाही.

मी कॉलेजात असताना, दोन हजार सालानंतर, आण्णांना साखर निघाली. डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं, नाहीतर डोळ्यांवर येईल म्हणाले. पत्रकांतली बारीक अक्षरं आण्णांना तेव्हाच धूसर दिसू लागली होती. पण घरी येऊन ते म्हणाले, "सात पिढ्या चालल्यात आमच्या. आता बसायची पाळी हाय."

मी प्राणिशास्त्र शिकत होते. दुपारी वाचनालयात माणसाच्या उत्क्रांतीवरची पुस्तकं उघडून बसायचे आणि वाचता वाचता डोळा लागायचा. वर पंखा फिरत असायचा. समोर पिवळ्या गवताचा माळ पसरायचा आणि त्यावरून माणसांची लांबच लांब रांग चाललेली असायची. अंगावरचे केस गळून गेलेली, घामानं चकाकणारी माणसं. कंद शोधत, शिकारीच्या मागं, दिवसभर चालणारी. मिळालं की खायचं, उरेल ते अंगात चरबी करून साठवायचं, कारण उद्याचा भरवसा नाही. रांगेच्या शेवटी आजा असायचा. त्याच्या मागं स्कूटर ढकलत आण्णा.

जाग आली की मी लिहायचे. असं करत चालण्यावरचं एक पत्रक तयार झालं. त्यात मी लिहिलं होतं, ज्यांच्या घरातली भूक संपली, त्यांच्याही शरीराला तो निरोप अजून पोचलेला नाही. ते दुष्काळासाठी साठवतच राहतं, आणि आपण बसून राहतो. आणखी एक वाक्य होतं: आपले पूर्वज दिवसभर आनंदाने चालत.

घरातलं प्रत्येक पत्रक आण्णांच्या पेन्सिलीखालून जायचं. त्यांनी कागद हातभर लांब धरला, मग खिडकीशी नेला. बराच वेळ वाचलं. मग एकच शब्द खोडला. आनंदाने.

"आनंदानं चालायचे म्हणतीस. आज्याला इचारलंस व्हय?"

माझी मान खाली गेली. लाखो वर्षांपूर्वीची माणसं मला दिसली होती, आणि घरातल्याच माणसाचे पाय मी विसरले होते. आण्णांनी खाली स्वतःच्या हातानं लिहिलं: पाय सगळ्यांना मिळाले. कुणी पळायचं, हे मात्र गावानं ठरवलं. अक्षरं ओळ सोडून तिरकी खाली उतरत गेली होती. त्यांना ओळ दिसत नव्हती.

पत्रक पिवळ्या कागदावर छापलं. पत्रकं वाटण्याचा आण्णांचा नियम तरुणपणापासूनचा होता. दारात टाकायचं नाही, गाडीवरून भिरकावायचं नाही. हातात द्यायचं आणि समोरचा पहिलं वाक्य वाचेपर्यंत उभं राहायचं. त्यामुळे रविवारी सकाळी स्कूटर घरीच राहिली.

रंकाळ्यावरून धुकं गल्लीत शिरत होतं. तालमीतून लाल मातीनं माखलेली पोरं बाहेर येत होती. त्यांनी ओल्या हातांनी पत्रकं घेतली. आण्णा दारोदार थांबत पुढं जात होते, मी गठ्ठा घेऊन मागून. धुक्यात त्यांची फक्त पाठ दिसायची, आणि पुस्तकातला तो माळ याच गल्लीत कुठंतरी उघडतो आहे असं वाटायचं.

पाचव्या दिवशी गठ्ठा संपला. सहाव्या सकाळी मी पडल्या पडल्या किकच्या आवाजाची वाट बघत होते. तो आलाच नाही. आण्णा उंबऱ्यावर बसून चपला घालत होते.

"लोकांनी वाचलं का न्हाई, इचारायला नको?" ते म्हणाले.

मी मागोमाग गेले. तालमीच्या कोपऱ्यावर वस्ताद दात घासत उभे होते. रिकाम्या हातांनी चाललेल्या आण्णांना बघून म्हणाले, "आण्णा, गाडी बंद पडली काय?"

"गाडी धडधाकट हाय की." आण्णा थांबले नाहीत. "आज कुणी पळवत न्हाई, म्हणून चाललोय."

आणि धुक्यात शिरून त्यांनी पुढच्या दाराची कडी वाजवली.