टेक्सासला बोलावतो म्हणालो होतो

मी वडिलांना कुवेतला कधीच येऊ दिलं नाही. व्हिसा मिळत होता, पगार पुरत होता, त्यांचे गुडघेही तेव्हा धड होते. बोलावलं नाही ते मीच.

नाशिकहून निघालो तेव्हा अण्णा एसटी स्टँडवर आले होते. भूगोलाचे शिक्षक, निरोप देतानाही डोक्यात नकाशा. "कुवेत म्हणजे आपल्या जिल्ह्याहून जरासा मोठा. बस्तान बसलं की बोलाव. वाळवंट मी नुसतं फळ्यावर काढलंय."

"तिथं काय बघायचंय अण्णा? दोन-तीन वर्षांत कंपनी टेक्सासला पाठवेल. थेट तिकडेच बोलावतो."

तेलाच्या नोकरीत हे सगळेच म्हणतात. कुवेतच्या मंगफ भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येकाचं पुढचं गाव ठरलेलं असतं. म्हणून कुणी चांगला सोफा घेत नाही, टीव्हीचं खोकं मात्र सगळे जपून ठेवतात. बायको वफ्र्याच्या शेतांकडच्या नर्सरीतून कढीपत्त्याचं रोप आणू म्हणाली, तर मी "जायचंय ना आपल्याला" म्हणून तेही अडवलं. इकामा, म्हणजे तिथं राहण्याचा परवाना, मात्र पुन्हा पुन्हा रिन्यू करत राहिलो.

अण्णांनी माझा शब्द खरा मानला आणि टेक्सासचा अभ्यास सुरू केला. शुक्रवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, फोनवर धडा असायचा. तो मुलूख आधी मेक्सिकोचा होता, मग काही वर्षं स्वतंत्र देश होता, नंतर अमेरिकेत गेला. काउबॉय दोर फेकायला शिकले ते मेक्सिकन गुराख्यांकडून. वसंतात रस्त्याकडेला निळी फुलंच फुलं. "आणि पिकॅन म्हणून झाड असतं, अक्रोडासारखं. फळ धरायला वर्षं लागतात. तरी घोडागाड्यांतून नव्याने आलेल्या लोकांनी ते दारात लावलं. काय छाती असेल रे!" मी हं हं करत ईमेल बघायचो.

टेक्सास होणार नाही हे मला लवकरच कळलं होतं. सांगितलं नाही. पोरगा अमेरिकेला निघालाय असं ते गल्लीभर सांगून बसले होते. त्यांना इथं आणणं म्हणजे माझा प्रवास इथंच संपतो हे त्यांच्यासमोर कबूल करणं, आणि त्याची मला लाज वाटत होती.

गेल्या वर्षी माझी मुलगी ईरा शिकायला टेक्सासला गेली. ती मंगफमध्येच जन्मली, वाढली. एका शुक्रवारी मी तिला आणि अण्णांना एकाच व्हिडिओ कॉलवर घेतलं.

"निळी फुलं दिसली का गं?" अण्णा खुशीत होते.

"दिसली आजोबा, सो प्रिटी! पण मला घरची आठवण येते."

"मग सुट्टीत नाशिकला ये."

"नाशिक नाही आजोबा, होम. मंगफ. बाल्कनीतून सी दिसतो ना आमच्या."

अण्णांनी फोन जवळ धरला. मग मला म्हणाले, "काय साहेब, घरातून समुद्र दिसतो म्हणे तुमच्या. आम्हाला कधी बोलला नाहीत." फार दुखावले की ते मला अहो-जाहो करतात.

आता डॉक्टर त्यांना विमानात बसू देत नाहीत.

ईराचा क्लास होता, ती गेली. मी फोन हातात घेऊन घरभर फिरलो. स्वयंपाकघर, ईराची खोली, माळ्यावरची खोकी, बाल्कनीतला रिकामा कोपरा, पलीकडे समुद्र. अण्णा चष्मा पुसून पुसून बघत होते. "जरा हळू फिरव रे," म्हणाले.

मी कठड्याशी थांबलो.

"अण्णा, टेक्सास कधी नव्हतंच. माझं घर हेच होतं, आणि तुम्हाला मी त्याच्या दारातही उभं केलं नाही. माझं चुकलं. मला माफ करा."