कमिटीने मला विचारलं तेव्हा

"आधी हात दाव गं," म्हणत डॉक्टरीणबाई पेशंटचा हात नाकाशी न्यायच्या. तंबाखूचा वास आला की बाकी सगळं बाजूला, आधी साबण. निपाणीच्या वखारीतल्या बाया हसायच्या, "लई सोवळ्याची हाय बया!" पण बाळंतपणाला दुसरीकडे जायच्या नाहीत.

इंग्रजी अमलातला तो बायकांचा दवाखाना. मी तिथे कंपाउंडर. मोठे डॉक्टर बदलून गेले आणि पुढची दोन वर्षं बाईंनीच सगळं ओढलं. हुद्दा मात्र 'हंगामी'. तुम्हीच सांगा, दोन वर्षं कसला डोंबलाचा हंगाम? मी चिडायचो. त्या म्हणायच्या, "आप्पा, मिक्श्चर ढवळा."

एकदाच मनातलं बोलल्या. "पक्की जागा मिळाली तर बरं वाटंल ओ. मागनं येणाऱ्या पोरींस्नी वाट हुईल."

ती जागा कुणाला द्यायची हे ठरवायला दवाखान्याची कमिटी बसली. सगळे तंबाखूचे व्यापारी. जुना माणूस म्हणून मला आत बोलावलं. अध्यक्षांनी विचारलं, "काय आप्पा, बाईमाणसाच्या हाताखाली गडीमाणसं नांदतील काय?"

दोन वर्षं मी बाईंच्या हाताखालीच तर नांदत होतो! पण सगळे माझ्याकडे बघून हसत होते. मीही हसलो आणि बोलून गेलो, "सायब आलेलं बरं." जीभ का झडली नाही माझी?

पुढच्या महिन्यात बेळगावच्या कॅम्पातून एक तरुण डॉक्टर आले. बाईंनी त्यांच्या हातात किल्ल्या ठेवल्या. "तिसऱ्या खाटेवरच्या बाईचा ताप उतरला न्हाय, तेवढं बघा," म्हणाल्या आणि सदलग्याला भावाकडे निघून गेल्या.

काही वर्षांनी त्या अंथरुणाला खिळल्याचं कळलं. मी गेलो. उशाशी बसून रडत सगळं कबूल केलं.

"ठाऊक हाय ओ," त्या म्हणाल्या. "दाराभाईर मीच हुते. आत बोलावतील म्हणून थांबलेते."

म्हणजे त्याच दिवसापासून त्यांना ठाऊक होतं. त्या बैठकीनंतर चारच दिवसांनी माझी बायको अडली होती. मूल आडवं होतं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बाई तिच्याजवळून हलल्या नव्हत्या. पोरगी माझ्या हातात देत म्हणाल्या होत्या, "हिला शिकवा बरं, आप्पा."

बाई त्याच आठवड्यात गेल्या. पोरगी शाळेत जाते. आपल्याला जगात कुणी आणलं, हे तिला ठाऊक आहे. मी कमिटीला काय सांगितलं, ते सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही.