परतीसाठी ठेवलेला खोका

मी निघाले त्या सकाळी आप्पा, म्हणजे माझे वडील, अंगणात उकिडवे बसून टीव्हीच्या जुन्या खोक्याला सुतळी आवळत होते. आत कोकमं, फणसाची साटं, पोह्याचे पापड आणि आईने कोंबलेलं बरंच काही. लग्नाला तीन महिने झाले होते, नवरा आधीच दुबईपलीकडच्या रास अल खैमाला पोचला होता. खोक्यावर आप्पांनी माझं नाव घातलं आणि खाली पत्ता मात्र आमच्या देवरुखचाच.

"अहो, ती तिकडे चाललीय ना?" आई म्हणाली.

"हरवला तर घरीच यायला हवा," आप्पा म्हणाले. आणि मला बजावलं, "खोका टाकू नको हां गो. दोन वर्षांनी परत येताना लागेल."

बावीस वर्षं झाली. खोका आहे. देवरुखात राहिलेल्यांनो, हसू नका. आणि इकडे आलेल्यांनी तर मुळीच हसू नये, कारण तुमच्याही कपाटावर मिक्सरचा, ओव्हनचा, कधीच भंगारात गेलेल्या टीव्हीचा खोका जपून ठेवलेला आहे. आपण इथे संसार मांडतो तोच उठायच्या तयारीनं. हे सिरॅमिकच्या कारखान्यात आहेत. नोकरी आहे तोवर यांचा व्हिसा, आणि यांच्या व्हिसावर आम्ही दोघी मायलेकी. चार फ्लॅट बदलले, दर वेळी रिकामे खोके ट्रकमध्ये मानानं बसून आले. चांगला सोफा काही घेतला नाही. कशाला, दोन वर्षांत जायचंच आहे!

सई मात्र इथेच जन्मली. दर उन्हाळ्यात तिला देवरुखला 'घरी' न्यायचो आणि तिसऱ्या दिवशी ती विचारायची, "ममा, व्हेन आर वी गोइंग होम?" मला राग यायचा. नॅशनल डेला ती शाळेत झेंडा घेऊन नाचायची, अरबी राष्ट्रगीत न चुकता म्हणायची, आणि फोटो काढता काढता माझा जीव कासावीस व्हायचा. बाळा, हा देश तुला आपलं म्हणणार नाही, इतकी माया लावू नकोस, असं ओठांवर यायचं. बोलले कधीच नाही.

गेल्या वर्षी ती पुण्याला कॉलेजात गेली. इकडचा नियम असा, की सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर व्हिसा बाद. म्हणून तिकडे शिकणारी इथली मुलं अधूनमधून येऊन पाय लावून जातात. सईनंही तिकीट काढलं होतं, तर कॉलेजनं परीक्षाच पुढे ढकलली. एक पेपर शुक्रवारी, दुसरा सोमवारी, आणि मुदत संपणार रविवारी. मी फोनवर म्हटलं, "सोड गं तो व्हिसा. पासपोर्ट भारताचाच आहे ना तुझा?"

"आय नो, ममा. बट माय रूम इज देअर," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

हे शेजारी बसून ऐकत होते. एक गोष्ट आम्ही तिला सांगितली नव्हती. यांची नोकरी मार्चमध्ये संपणार होती, तसं पत्र हातात पडलं होतं. ज्या व्हिसासाठी पोरगी जिवाचं रान करत होती, तोच चार महिन्यांत जाणार होता.

शनिवारी दुपारी ती दुबईला उतरली. रविवारी लगेच परत. पाठीवर एक सॅक, त्यात पुस्तकं. इमिग्रेशनच्या कॅमेऱ्याकडे बघितलं आणि गेट उघडलं, एवढ्यावर स्वारी खूश. मला मिठी मारून चक्क मराठीत म्हणाली, "आले घरी." मग मला राहवेना. गाडी रास अल खैमाच्या रस्त्याला लागल्यावर सगळं सांगून टाकलं. यांनी रेडिओ बंद केला.

"मी इथे जॉब घेईन," सई म्हणाली. "देन आय विल स्पॉन्सर यू बोथ. बाबा, तुम्ही फक्त तोपर्यंत थांबा."

"इन्शाल्ला," हे म्हणाले.

त्या वेळी मला देवरुख आठवायला हवं होतं. पण आप्पा गेले, अंगणात दादानं फरशी घातली, आणि हल्ली मी तिकडे गेले की वहिनी माझ्यासाठी पाहुण्यांचा टॉवेल काढते. आठवलं ते इथलं माझं स्वयंपाकघर, जे आता सुटणार होतं. बावीस वर्षं जायचं जायचं करत होते, आणि वेळ आली तर मलाच जायचं नव्हतं. सई इथल्याला घर म्हणायची म्हणून रागवायचे, त्यामागेही बहुधा हेच होतं.

रविवारी तिला सोडून आल्यावर खुर्चीवर चढून आप्पांचा खोका खाली काढला. टाकायचा म्हणून लिफ्टपर्यंत नेला. लिफ्ट आली, दार उघडलं, बंद झालं. परत घेऊन आले, पण कपाटावर चढवायला हात वर होईना. तेव्हापासून तो हॉलच्या मधोमध पडलाय. येता-जाता पायाला लागतो, मी थांबते आणि आप्पांचं अक्षर वाचते. हरवलं तर कुठे यायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सईच्या नावाखाली कुठला पत्ता घालायचा, हे मला अजून सुचलेलं नाही.